उघड्या न्हाणीतले ऊन पाणी

नरकचतुर्दशीची पहाट आहे. आकाशात अजून चांदण्या आहेत, परसात पाट मांडलेला आहे, अंगात तेल मुरत आहे आणि तांब्याच्या घंगाळातून वाफ वर चढत आहे. अभ्यंगस्नानाची निम्मी गोडी त्या वाफेत असते आणि निम्मी अंगाला झोंबणाऱ्या पहाटवाऱ्यात असते. पहिला तांब्या अंगावर पडेपर्यंत दात वाजत असतात. तो पडला म्हणजे जे सुख होते ते चार भिंतींच्या आतल्या स्नानाला क्वचितच येते. महाराष्ट्रातील जुन्या घरांची न्हाणी पुष्कळदा परसात, विहिरीच्या आसपास, अर्धी उघडी अशी असे. आणि हिवाळ्यातही तेथेच स्नान होई, ते शेजारी पेटलेल्या चुलाणाच्या जोरावर.

पुढे वाडे गेले, न्हाणी घरात आली, आणि उघड्यावरचे स्नान ही आठवणीची गोष्ट झाली. परंतु अलीकडे ती निराळ्या वेषाने परत येत आहे. शहरातले कुटुंब गावाबाहेर लहानसे शेतघर बांधते, किंवा कोकणातले वडिलोपार्जित घर नीट करून घेते, आणि परसातल्या भिंतीला एक फवारा, म्हणजे ज्याला आता सर्रास शॉवर म्हणतात तो, बसवून घेते. चैत्र-वैशाखात त्याखाली मुलांची झुंबड उडते. मार्गशीर्ष लागला की मात्र तिकडे कोणी फिरकत नाही. मग गृहस्थाच्या मनात येते की, ह्याच नळाला ऊन पाणी जोडले तर काय हरकत आहे?

हरकत काहीच नाही. मात्र हे काम दिसते तितके सरळ नाही. किती पाणी, किती तापवावयाचे, ते कशाने तापवावयाचे, आणि तापविण्याचे साधन कोठे ठेवावयाचे, ह्या चार प्रश्नांची उत्तरे आधी नीट दिली नाहीत, तर एक तर पैसा वाया जातो, किंवा त्याहूनही मोठी हानी होते. चौथा प्रश्न बहुतेकांना सर्वांत क्षुल्लक वाटतो. वास्तविक माणसाचा जीव त्यावरच अवलंबून असतो.

प्रथम उघड्यावर थंडी इतकी का वाजते ते पाहू. पुण्या-नाशिकाकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. निफाडसारख्या ठिकाणी तो त्याहूनही खाली जातो, आणि महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी कधीकधी गवतावर दंव गोठलेले आढळते. परंतु कोरड्या अंगाला ही थंडी सोसते. ओल्या अंगाला सोसत नाही. ह्याचे कारण बाष्पीभवन. अंगावरचे पाणी वाळते म्हणजे त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास उष्णता लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते तिला एक किलोकॅलरी म्हणतात. अंगावरचे केवळ १०० ग्रॅम पाणी वाळून जाण्यास सुमारे ५८ किलोकॅलरी लागतात, आणि त्यांतील बराचसा भाग शरीराकडून घेतला जातो. वारा असला की हे वाळणे झपाट्याने होते. म्हणून उघड्या न्हाणीचा पहिला शत्रू थंडी नव्हे, वारा होय.

ह्यावरून पहिला उपाय सुचतो, आणि तो फुकट म्हणावा इतका स्वस्त आहे. तो म्हणजे आडोसा. ज्या दिशेने पहाटेचा वारा येतो त्या बाजूला पुरुषभर उंचीची भिंत, कुडाचा तट्ट्या किंवा दाट मेंदीचे कुंपण असले, तर पाणी दोन-चार अंश कमी ऊन असूनही स्नान सुखाचे होते. टॉवेल आणि कोरडे कपडे हाताशी टांगण्याची सोय, पायाखाली गार फरशीऐवजी लाकडी पाट, आणि शक्य तर पूर्वेची बाजू मोकळी, म्हणजे कोवळे ऊन अंगावर येते. एवढ्याने अर्धे काम होते.

फवाऱ्याचाही येथे एक दोष आहे. तांब्याने घेतलेले पाणी एका लोटाने अंगावर येते. फवाऱ्याचे पाणी हजारो थेंब होऊन येते. थेंब जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग प्रमाणाने अधिक, आणि तितका तो वाटेत लवकर निवतो. डोक्यावर फार उंच बसविलेला, अगदी बारीक छिद्रांचा फवारा हिवाळ्यात उघड्यावर निरुपयोगी ठरतो तो ह्यामुळे. मोठ्या छिद्रांचा, डोक्यापासून वीतभरच उंच असलेला, किंवा हातात धरण्याचा फवारा अधिक बरा. पाणी पुरेसे ऊन असून अंगाला गार लागते, अशी तक्रार असल्यास गिझर बदलण्यापूर्वी फवारा बदलून पाहावा.

आता हिशेब. निरोगी प्रौढ माणसाला सुमारे ४० अंशांचे पाणी सुखकारक वाटते. मुलांना व वृद्धांना त्याहून दोन अंश कमी पुरते. रात्रभर गच्चीवरच्या टाकीत निवलेले पाणी पहाटे १५ अंशांचे आहे असे धरू. ते २५ अंशांनी चढवावयाचे आहे. बादलीत २० लिटर पाणी मावते; त्यास ५०० किलोकॅलरी लागतील. साध्या फवाऱ्यातून मिनिटाला ६ लिटर पाणी पडते असे मानले, तर दहा मिनिटांच्या स्नानाला ६० लिटर पाणी आणि १,५०० किलोकॅलरी लागतील. विजेच्या भाषेत बादलीला अर्ध्या युनिटाहून थोडे अधिक, आणि फवाऱ्याला पावणेदोन युनिटे. फवारा बादलीच्या तिप्पट खातो, ही गोष्ट साधन निवडण्यापूर्वी ध्यानात ठेवावयास हवी.

ह्या हिशेबात एक सूट मिळण्याजोगी आहे, आणि ती विहिरीकाठच्या माणसांना परंपरेने ठाऊक आहे. हिवाळ्यात पहाटे काढलेले विहिरीचे पाणी कोमट लागते. काही हात खोल गेल्यावर जमिनीचे तापमान ऋतूंबरोबर फारसे बदलत नाही. ते वर्षाच्या सरासरीइतके राहते. दख्खनच्या पठारावर ही सरासरी साधारण २५ अंशांच्या जवळपास येते. म्हणजे टाकीतले पाणी १५ अंशांचे असताना नुकतेच उपसलेले विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी २५ अंशांचे असू शकते. ते ४० अंशांवर न्यावयास २५ नव्हे, १५ अंशच चढवावे लागतात. जळणात शेकडा ४० ची बचत झाली. ज्याच्या शेतघरी विहीर आहे त्याने टाकी संध्याकाळी न भरता पहाटे भरावी.

पाणी तापविण्याच्या जुन्या साधनांत बंबाची योजना मोठी चतुराईची आहे. तांब्याच्या उभ्या भांड्याच्या मध्यातून एक नळकांडे गेलेले असते. त्यात ढलप्या, करवंट्या, गोवऱ्यांचे तुकडे जळतात आणि पाणी त्या नळकांड्याभोवती असते. चुलीवरच्या हंड्याची बरीच आच बाजूने निघून जाते. बंबात आगीला चहूकडून पाणीच वेढून असल्यामुळे थोड्या जळणात पुष्कळ काम होते. तांबे उष्णता चटकन वाहून नेते, हाही त्यातला लाभ. आजही उघड्या न्हाणीपाशी, वाऱ्याच्या उलट्या बाजूस, असा बंब ठेवणे हा वाईट मार्ग नव्हे. पाणी बादलीत घ्यावे लागते आणि धूर होतो, एवढेच त्याचे उणे. मात्र बंब रिकामा पेटवू नये. पाण्यावाचून आच लागली की सांध्यांचा डाग वितळतो आणि बंब गळू लागतो.

नव्या साधनांत पहिली वीज. पाण्यात बुडविण्याचा विजेचा रॉड १,५०० वॅटचा असला, तर २० लिटरची बादली तापावयास सुमारे २३ मिनिटे लागतात. तो स्वस्त आहे. परंतु उघड्यावर, ओल्या जमिनीवर, अनवाणी माणसाच्या हाती तो देणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध कोरड्या त्वचेच्या मानाने पुष्कळच कमी असतो, आणि पाणी कितपत तापले हे पाहण्यासाठी चालू रॉडच्या बादलीत बोट बुडविण्याची सवय घरोघर असते. रॉड वापरावयाचाच तर घरात, कोरड्या जागी वापरावा, खटका बंद करून आणि पिन काढून मगच पाण्याला हात लावावा, आणि तापलेली बादली बाहेर न्यावी.

'इन्स्टंट' म्हणून विकला जाणारा विजेचा गिझर बहुधा ३,००० वॅटचा असतो. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी चढवावयास सुमारे १०,५०० वॅट लागतात. म्हणजे हा गिझर मिनिटाला पावणेदोन लिटरहून अधिक पाणी हवे तितके ऊन करू शकत नाही. तो हात-तोंड धुण्यास किंवा बादली सावकाश भरण्यास ठीक. फवाऱ्याला जोडला तर निराशाच पदरी येते. दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण नाही. हा गुणाकाराचा प्रश्न आहे.

साठवणीच्या गिझरचे गणित निराळे. त्यात पाणी ६० अंशांपर्यंत तापवून ठेवतात आणि वापरताना त्यात गार पाणी मिसळतात. मराठी घरांत ह्या मिसळण्याच्या गार पाण्याला विसण असे फार सुरेख नाव आहे. १५ लिटरच्या गिझरमधले ६० अंशांचे पाणी १५ अंशांच्या पाण्याने विसणले, तर ४० अंशांचे २७ लिटर पाणी होते. फवारा साडेचार मिनिटे चालेल. २५ लिटरचा गिझर घेतल्यास साडेसात मिनिटे. चार माणसांच्या कुटुंबाने एकामागून एक स्नान करावयाचे तर मध्ये थांबावे लागेल, हे उघड आहे.

अशा गिझरला लागणारा प्रवाह सुमारे १३ अँपिअरचा असतो. त्यास जाड तार, १६ अँपिअरचा खटका आणि खरी जमीनजोडणी, ज्याला अर्थिंग म्हणतात, ती लागते. शेतघरांत जमीनजोडणी पुष्कळदा नावालाच असते. शिवाय वीज गळू लागताच ३० मिलिअँपिअरला प्रवाह तोडणारा खटका, ज्याला तारकाम करणारे आरसीसीबी म्हणतात, तो बसविल्यावाचून उघड्या न्हाणीत वीज नेऊ नये. गिझर घराच्या आत राहावा, खटकाही आत राहावा, आणि बाहेर फक्त पाण्याची नळी यावी, हा नियम बिनतोड आहे.

दुसरे साधन गॅस. एक किलोग्रॅम गॅस जळला म्हणजे सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता निघते. गिझरमध्ये तिच्यातील शेकडा ८० पाण्यात उतरली, तर सुमारे ३५० लिटर पाणी २५ अंशांनी तापेल. ह्या हिशेबाने घरगुती १४.२ किलोग्रॅमच्या टाकीत ६० लिटरची ऐंशीएक स्नाने होतात. मिनिटाला ६ लिटर ऊन पाणी सतत देणे विजेच्या लहान गिझरला जमत नाही, ते गॅसच्या गिझरला सहज जमते. त्याला पाण्याचा थोडा दाब मात्र लागतो. पाणी जोराने वाहू लागले तरच त्यातली झडप उघडून ज्योत पेटते. टाकी जेमतेम छपराइतकी उंच असल्यास दाब अपुरा पडतो. दर १० मीटर उंचीला सुमारे एक वातावरण इतका दाब मिळतो. त्यावरून अंदाज करता येतो. कमी दाबावर चालणारे गिझर मिळतात, तेच घ्यावेत.

तिसरे साधन सूर्य. मराठीत 'ऊन' ह्या एकाच शब्दाने सूर्याचा प्रकाश आणि पाण्याची ऊब ही दोन्ही सांगितली जातात. अमेरिकेत बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केंप ह्याने १८९१ साली काळ्या रंगाच्या टाक्या काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवून सूर्यतापकाचे एकस्व मिळविले. दुपारी त्यातून चांगले ऊन पाणी मिळे; परंतु रात्री काचेतून सगळी ऊब निघून जाई. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली ह्याने तापविण्याची जागा आणि साठविण्याची जागा वेगळी केली. टाकी वर, उष्णतारोधक वेष्टनात. तापणाऱ्या नळ्या खाली. ऊन पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार पाणी जड होऊन खाली उतरते, आणि पंपावाचून फेरा चालू राहतो. आजही बहुतेक घरगुती सूर्यतापक ह्याच तत्त्वावर चालतात.

दिवसाला १०० लिटर पाणी देणाऱ्या सपाट पट्टीच्या तापकाला सुमारे २ चौरस मीटर काच लागते. तिचे तोंड दक्षिणेस असावे, आणि हिवाळ्यात सूर्य खाली उतरलेला असल्यामुळे कल अक्षांशाहून थोडा अधिक असावा. पुण्यासारख्या १८ अंशांवरील गावी तो ३० अंशांच्या आसपास ठेवल्यास थंडीच्या दिवसांत अधिक लाभ होतो. ६० अंशांचे १०० लिटर पाणी १५ अंशांच्या पाण्याने विसणले, तर १८० लिटर होते. म्हणजे तीन माणसांची फवाऱ्याची स्नाने झाली. पहाटेच्या स्नानाला आदल्या दिवशीचे ऊन उपयोगी पडते, आणि एकदा बसविल्यावर जळणाचा खर्च नाही. खर्च आरंभीचा आहे. शनिवार-रविवारीच जेथे माणसे जातात अशा शेतघरी तो परवडतो की नाही, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा. नित्य राहत्या घराला मात्र ह्याहून चांगले साधन नाही.

येथवर झाला तो सोयीचा विचार. आता तो चौथा प्रश्न. तापविण्याचे साधन कोठे ठेवावे?

गॅसने पाणी तापविण्याचे यंत्र १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन ह्याने प्रथम केले आणि आइसलंडातील उसळत्या झऱ्यावरून त्यास 'गीझर' असे नाव दिले. त्याच्या यंत्रात जळलेला वायू बाहेर नेण्यासाठी धुराडे नव्हते, आणि ते यंत्र न्हाणीघरातच उभे करावयाचे होते. दीडशेहून अधिक वर्षे झाली. यंत्रे पुष्कळ सुधारली. परंतु ती चूक अजून घरोघर होते. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांतून बातम्या येतात की, अमुक गावी तरुण मुलगी न्हाणीघरात बेशुद्ध सापडली, अमुक ठिकाणी नवविवाहित जोडपे गेले. दार आतून लावलेले असते, पाणी वाहत असते, अंगावर जखम नसते.

ह्याचे कारण असे. गॅस जळावयास हवा लागते. एक किलोग्रॅम गॅसला सुमारे १२ घनमीटर हवा पाहिजे. मिनिटाला ६ लिटर पाणी तापविणारा गिझर तासाला साधारण एक किलोग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांत त्याने सुमारे २ घनमीटर हवा खर्ची घातली. चार फूट रुंद, पाच फूट लांब आणि सात फूट उंच अशा न्हाणीत एकंदर हवा ४ घनमीटरही भरत नाही. दहा मिनिटांत निम्म्या खोलीतील प्राणवायू संपतो, आणि तो संपण्याच्या पुष्कळ आधीच ज्योत नीट जळेनाशी होते. पुरेसा प्राणवायू मिळाला म्हणजे कार्बनाचा डायऑक्साइड होतो. तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळणारा गॅस ओळखू यावा म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य घातलेले असते. परंतु ते ज्योतीत जळून जाते, आणि त्यातून निघणारा हा वायू कोणालाच कळत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा ह्या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणजे श्वास चालू असतो, छाती हलत असते, पण रक्त प्राणवायू वाहीनासे झालेले असते. डोके दुखते, मळमळते, पाय लटके पडतात. माणसाला वाटते, वाफेमुळे जीव घाबरला असेल. दाराची कडी काढण्याची शक्ती नेमकी त्याच वेळी गेलेली असते.

आता उघड्या न्हाणीकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. तिचा जो उघडेपणा हिवाळ्यात दोष वाटतो, तोच तिचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. वरती आकाश मोकळे असताना गॅस जळला काय, बंब जळला काय, विषारी वायू साचत नाही. म्हणूनच पूर्वी परसात रोज चुलाण पेटत असूनही त्या धुराने न्हाणीत बहुधा कोणी दगावत नसे. धोका सुरू होतो तो ह्या उघड्या न्हाणीत ऊन पाणी आल्यानंतर. पहिल्या हिवाळ्यात गिझर बसतो. दुसऱ्या हिवाळ्यात पाणी ऊन असूनही वारा लागतो म्हणून वर प्लॅस्टिकचे कापड येते. तिसऱ्या वर्षी कापडाच्या जागी पत्रा येतो, फटी बुजतात, दार बसते. प्रत्येक पाऊल शहाणपणाचे वाटते. गिझर मात्र आतच राहतो, आणि उघडी न्हाणी, कोणाच्या ध्यानातही न येता, बंद न्हाणीघर झालेली असते.

म्हणून नियम असा. आडोसा करावा तो वाऱ्याला. वरची बाजू आणि निदान एक बाजू कायमची मोकळी ठेवावी. गॅसचा गिझर आरंभापासूनच न्हाणीच्या आवाराबाहेर, भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, पावसापुरते छत करून बसवावा आणि भिंतीतून फक्त पाण्याची नळी आत आणावी. पुढे कधी न्हाणी बंद केली तरी गिझर बाहेरच राहील. तो घराच्या खिडकीखाली नसावा, नाहीतर धूर घरात जावयाचा. गॅसची टाकीही मोकळ्या हवेत उभी असावी. हा गॅस हवेहून जड असल्यामुळे खड्ड्यात साचतो. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन काजळी धरू लागली की दुरुस्ती होईपर्यंत वापर बंद ठेवावा. शेगडीत निखारे घालून ती बंद न्हाणीत ऊब यावी म्हणून ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे; तीही तितकीच घातक आहे. कोणी स्नान करताना हाकेला ओ देईनासे झाले, तर विचार करीत बसू नये; दार फोडावे, माणसाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि तत्काळ दवाखाना गाठावा.

दुसरा धोका भाजण्याचा. मॉरित्झ आणि हेन्रिक्स ह्या अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली पाण्याचे तापमान आणि त्वचा भाजण्यास लागणारा वेळ ह्यांचा संबंध प्रयोगाने दाखवून दिला. ४९ अंशांच्या पाण्याने गंभीर भाजण्यास आठ-दहा मिनिटे लागतात. ६० अंशांच्या पाण्याला सुमारे ५ सेकंद पुरतात. मुलांची त्वचा पातळ असल्याने त्यांना त्याहूनही कमी. मग टाकीतले पाणीच ४५ अंशांवर का ठेवू नये? तसे करू नये. २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात, आणि फवाऱ्याच्या तुषारांबरोबर ते फुप्फुसांत जाऊन न्यूमोनिया होतो. १९७६ साली फिलाडेल्फियात ह्या रोगाची पहिली मोठी साथ ओळखली गेली. म्हणून टाकीत साठ, अंगावर चाळीस, असे सूत्र ठेवावे. ऊन व गार पाणी एकत्र करून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान स्थिर राखणारी झडप मिळते. ती म्हणजे विसण घालणारे यंत्रच. घरात दुसऱ्याने नळ सोडला आणि गार पाण्याचा जोर ओसरला तरी ती एकदम चटका बसू देत नाही. शेतघर बरेच दिवस बंद असल्यास स्नानापूर्वी बाजूस उभे राहून दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे.

नळांविषयी थोडेसे. गार पाण्याची साधी पीव्हीसी नळी उन्हाने आणि ऊन पाण्याने मऊ पडते. ऊन पाण्याला सीपीव्हीसीची किंवा तांब्याची नळी घालावी. अर्ध्या इंची नळीत दर मीटरला सुमारे पाऊण पेल्याएवढे पाणी राहते. गिझर फवाऱ्यापासून २० मीटर लांब असला, तर ऊन पाणी येण्यापूर्वी साडेतीन लिटर गार पाणी सोडून द्यावे लागते. म्हणून अंतर कमीत कमी ठेवावे, नळीला वेष्टन करावे आणि शक्य तेथे ती जमिनीत पुरावी. १५ अंशांचे १०० लिटर पाणी ६० अंशांवर नेले की ते दीड लिटराहून अधिक फुगते. ह्या फुगवट्यासाठी सूर्यतापकाच्या टाकीला उभी हवानळी आणि गिझरला सुटकेची झडप असते. त्यातून थेंब गळतात म्हणून ती बुजविणारे कसबी कारागीर आढळतात. त्यांच्यापासून घर जपावे. दख्खनच्या विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्याचा पांढरा थर तापकात बसतो आणि पाणी तापेनासे होते, म्हणून वर्षातून एकदा साफसफाई करून घ्यावी.

ह्या सर्वांचा मेळ घातला म्हणजे साध्या घराला पुरेल अशी योजना होते. नित्य राहत्या घरी छपरावर सूर्यतापक. अधूनमधून वापरावयाच्या शेतघरी भिंतीबाहेर गॅसचा गिझर, किंवा घराच्या आत विजेचा साठवणीचा. पहाटे भरलेली टाकी, जवळून आणलेली वेष्टित नळी, विसणणारी झडप, आणि वाऱ्याच्या बाजूला भिंत. हे काम आश्विनातच उरकून घ्यावे. पौषात कुडकुडत केलेल्या जोडण्या घाईच्या असतात.

जुन्या घरात लहान मुलाला न्हाऊ घालण्यापूर्वी आजी घंगाळात हात घालून पाहत असे आणि म्हणत असे, "अजून थोडे विसण घाल." पाणी अंगावर घेताना ती आधी पायांवर, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर आणि शेवटी डोक्यावर ओतीत असे. वृद्धांनी व हृदयविकार असलेल्यांनी आजही तोच क्रम पाळावा. गारठ्यातून एकदम होणारा बदल शरीराला मानवत नाही. ती आजी आणि ते चुलाण आता पुष्कळ घरांत नाहीत. त्यांच्या जागी झडप आली, खटका आला, गिझर आला. ती जशी दर वेळी हात घालून पाहत असे तसे पाहणारे मात्र घरात कोणीतरी असावयास हवे; आणि न्हाणीवर छप्पर घालण्याचा बेत निघाला म्हणजे आग आत आहे की बाहेर, हे त्याने प्रथम विचारावे.